पाणचक्कीवरचं सकाळचं दळण

पाणचक्कीची किल्ली माझ्याकडे असते. सकाळी कुलूप काढायचं, ओटा झाडायचा, पट्टा हाताने ओढून बघायचा, दोन तळ्यांमधली, म्हणजे जात्याच्या वरच्या-खालच्या दगडांमधली फट तपासायची आणि मगच बटण दाबायचं. हा क्रम मी दाराच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून घेतला आहे. उद्या माझ्या जागी दुसरी कोणी आली तर तिला कोणाला विचारत बसावं लागू नये. अंगणवाडीत इतकी वर्षं काढल्यावर माणसाला अशी सवय लागते. मुलांच्या वजनाचा तक्ता, खाऊचा तक्ता, लसीचा तक्ता. घरात माझ्या नवऱ्याने एकदा विचारलं होतं की त्याच्या आंघोळीचा तक्ता कुठे लावला आहे.

आमचं गाव जिंतूर तालुक्यात, नदीच्या वळणावर आहे. पाणचक्की त्या वळणाच्या आतल्या अंगाला. काळ्या घडीव दगडाच्या चार भिंती, नदीकडे उघडणारं एक बुटकं दार, समोर लांब ओटा, आणि जमिनीखाली एक खड्डा, ज्यात एके काळी लाकडी चाक आडवं फिरायचं. वरच्या अंगाला नदीवर बंधारा होता. तिथून दगडी पाटाने पाणी यायचं, जोराने चाकाच्या पात्यांवर पडायचं, चाकाबरोबर खांब फिरायचा आणि खांबाबरोबर वरची तळी. निजामाच्या अमदानीत कोण्या जहागीरदाराने ती बांधली असं सांगतात. कागद मी पाहिलेला नाही, म्हणून त्यापुढे मी काही सांगत नाही. आजूबाजूच्या गावांची ज्वारी बैलगाडीने इथे दळायला यायची, एवढं मात्र पाहिलेली माणसं अजून आहेत.

त्यातल्या एक माझ्या सासूबाई. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. त्या या गावात सून होऊन आल्या तेव्हा चक्की चालू होती. त्यांच्या तोंडून मी तिचं सगळं ऐकलं, म्हणजे चक्कीचा आवाज घरातून कसा ऐकू यायचा, पावसाळ्यात चाक कसं वर काढून ठेवायचे, आणि पीठ हातात घेतलं की कसं गार लागायचं. आणि एक गोष्ट त्या न चुकता सांगायच्या. पाट आमच्या वस्तीच्या लोकांनी खोदलेला. दर साली पावसाळा सरला की त्यातला गाळ काढायलाही आमच्याच वस्तीची माणसं कंबरभर चिखलात उतरायची. पण आमच्या वस्तीचं दळण लागायचं सगळ्यात शेवटी. सकाळी डबा नेऊन ठेवला तरी तो ओट्याच्या खाली, वेगळा. सगळ्या गावाचं झालं, दिवस कलला की मग आमचं. तोवर बंधाऱ्यातलं पाणी उतरलेलं असायचं, चाक मंदावलेलं असायचं, आणि पीठ म्हणून घरी यायची ती भरड.

"चक्कीवाला वाईट न्हवता," आत्याबाई म्हणायच्या. "म्हनायचा, बाई, दस्तूर हाय, मी काय करू. दस्तूर त्याचा, अन् जाड्याभरड्या भाकरी आमच्या."

पुढे वरच्या अंगाला धरण झालं आणि नदी पावसाळ्यापुरती उरली. गावात विजेची गिरणी आली. वस्तीतली माणसं बौद्ध झाली, मुलं शिकली, डबे गिरणीच्या ओट्यावर आले, पण तोवर पाणचक्की बंद पडलेली होती. आमच्या लोकांचं सकाळचं दळण तिथे कधी झालंच नाही. नंतर त्या इमारतीत कोणी कापूस भरला, कोणी रेशनचं धान्य ठेवलं, शेवटी शेळ्या बांधल्या. छप्पर गेलं. भिंती हलल्या नाहीत.

प्रजासत्ताक दिनाच्या ग्रामसभेत सरपंचांनी विषय काढला. सरपंच तरुण आहेत, माझ्या अंगणवाडीतून गेलेले आहेत, मनाने चांगले आहेत. त्यांना गावाच्या वेशीत कमान उभारायची होती.

"ताई, ती चक्की कवा कोणाच्या अंगावर पडंल सांगता येत न्हाई," ते म्हणाले. "दगड घडीव हायत, फुकट चाललेत. उतरवून घेऊ अन् कमानीला लावू. गावाचं नाव दिसंल रस्त्यावरून."

मी उठले. आमच्या बचत गटात गावातल्या सगळ्या गल्ल्यांतल्या बाया आहेत आणि आम्ही पापड-मसाल्यांच्या पुढे काहीतरी शोधतच होतो. गावातली गिरणी जोरात फिरते, पीठ गरम होतं, त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि भाकरी थापताना काठ फाटतात. शहरातले लोक सावकाश दळलेलं ज्वारीचं पीठ मागून घेतात, हे मी परभणीच्या प्रदर्शनात पाहिलं होतं. मी म्हणाले, "छप्पर गेलंय, भिंती उभ्या आहेत. दोन्ही तळ्या शाबूत आहेत. आम्हाला द्या. आम्ही चक्की चालवून दाखवतो."

कमानीचं काम ज्याला मिळणार होतं तो गवंडी मागे बसला होता. तो म्हणाला, "नदीत पानी न्हाई अन् पानचक्की चालवायलेत. घागरीनं पानी घालता का चाकावर?"

सभा हसली. मीही हसले, कारण प्रश्न बरोबर होता. "पाण्याचं काम मोटर करील," मी म्हणाले. "दगडाचं काम दगडच करील."

सरपंचांनी मध्यम मार्ग काढला. महाराष्ट्र दिनाच्या ग्रामसभेपर्यंत मुदत. त्या दिवशी सभा चक्कीवरच भरेल. सगळ्यांसमोर पीठ पडलं तर इमारत गटाला, नाही पडलं तर दगड कमानीला.

घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा आत्याबाई जेवत होत्या. "पाडू दे की," त्या म्हणाल्या. "माझं काय जातंय." मग ताटातली भाकर तशीच राहिली. हात धुऊन आल्या आणि भिंतीकडे बघत म्हणाल्या, "एकदा तरी सकाळचं दळून आनायचं हुतं तिथनं."

मी त्याच दिवशी कामाला लागले.

कामाची वाटणी केली तेव्हा मी एक नियम ठेवला. जिला जे येतं ते तिने करायचं, आणि जे कोणालाच येत नाही त्यासाठी माणूस शोधायचा. शेळ्यांच्या लेंड्या, बाभळीचे फुटवे, पाटातला पाला काढायला आम्ही सगळ्या जणी होतो. पत्र्याचं छप्पर परभणीहून आलं. मोटर आणि मोठी चाकं बसवायला जिंतूरचा कारागीर आला. त्याला मी निक्षून सांगितलं की तळी घरच्या जात्यासारखी फिरली पाहिजे, गिरणीसारखी नाही. तो म्हणाला, एवढं हळू फिरवायचं तर मोटर कशाला, सून लावा. त्याला चहा उशिरा मिळाला.

तळ्यांना टाकी घालायची होती, म्हणजे छिन्नीने दगडाचं तोंड पुन्हा खरखरीत करायचं होतं. पाट्या-वरवंट्यांना टाकी घालून देणारी एक बाई आमच्या भागात फिरते. तिला बोलावलं. एवढी मोठी तळी बघून ती म्हणाली, "हे कोणच्या राक्षशिनीचं जातं हाय माय?" आणि ओढणी डोक्याला बांधून बसली. तिच्या छिन्नीचा टकटक आवाज गावात ऐकू जायचा. म्हातारी माणसं मुद्दाम फिरायला म्हणून नदीकडे यायची, थोडा वेळ उभी राहायची आणि परत जायची. आत्याबाई मात्र आल्या नाहीत. "चालू झाल्यावर येते," म्हणाल्या.

मग प्रश्न आला की पहिलं दळण कोणाचं. बाहेरच्या माणसाला हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. आमच्या गटाच्या बैठकीत त्यावर जेवढा वेळ गेला तेवढा मोटरवर गेला नाही. कोणी म्हणालं सरपंचांच्या घरचं, कोणी म्हणालं देवळातलं, कोणी माझ्याकडे बघून म्हणालं, ताईंचंच लावू. मला ते नको होतं. शेवटी आम्ही ठरवलं की घरोघरून ओंजळ ओंजळ ज्वारी आणायची, सगळी एकाच पोत्यात ओतायची आणि तीच पहिली दळायची. नव्या ज्वारीची रास नुकतीच घरात आली होती. कोणी नाही म्हणालं नाही. पोतं भरलं तेव्हा त्यात पांढरी, पिवळसर, टपोरी, बारीक अशी सगळ्या शेतांची ज्वारी होती. मी हात घालून पाहिली. कोणती कोणाची ते सांगता येत नव्हतं.

महाराष्ट्र दिनाला सकाळीच गाव चक्कीवर जमलं. झेंडावंदन करून शाळेतून माणसं थेट नदीकडे आली. पुरुष ओट्यावर, बाया दाराशी आणि आत. आमच्या वस्तीतल्या बायांनी मेणबत्ती लावली, बाकीच्यांनी तळीला हळद-कुंकू वाहिलं. नारळासाठी मी उंबऱ्याबाहेर एक चपटा दगड धुऊन ठेवला होता. सरपंचांना दाखवलाही होता.

सरपंच नारळ घेऊन आत आले. हळद-कुंकवाने माखलेल्या तळीकडे त्यांनी पाहिलं, हात जोडले आणि म्हणाले, "देव आत अन् नारळ बाहेर, हे काही बरोबर न्हाई."

आणि त्यांनी नारळ उचलून तळीच्याच काठावर फोडला.

नारळ पाणीदार होता. पाणी तळीच्या उतारावरून धार धरून मधल्या तोंडात गेलं. आत उभ्या असलेल्या आम्ही सगळ्या जणींनी एकमेकींकडे पाहिलं. ज्या बाईने आयुष्यात एकदा जरी जातं ओढलं आहे तिला ठाऊक असतं की ओल्या दगडावर दाणा टाकला तर काय होतं. पण पूजा चाललेली, मागे टाळ्या वाजलेल्या, कोणीतरी खोबऱ्याचे तुकडे वाटायला घेतलेले. मी "थांबा" म्हणेपर्यंत जिंतूरच्या कारागिराने बटण दाबलं होतं आणि पोत्यातली ज्वारी नरसाळ्यातून खाली उतरली होती.

तळी फिरली. आधी बरा आवाज आला. मग तो घोगरा झाला. तळीच्या कडेने पिठाऐवजी करड्या रंगाची कणीक डोकावली, तिथेच थबकली, आणि तळी अडकली. पट्टा सरकायला लागला, जळक्या रबराचा वास आला. कारागिराने मोटर बंद केली.

मग ओट्यावरून गवंड्याचा आवाज आला, "चला, कमानीचा मुहूर्त लागला म्हनायचा."

दोघे-तिघे हसले. सरपंच घाम पुसत होते. त्यांना काय झालं ते समजलंच नव्हतं. मोटर जळाली का, असं ते कारागिराला विचारत होते. माझ्या मनात एकच हिशेब चालू होता: काय बिघडलं आहे ते मला माहीत आहे, ते दुरुस्त होण्यासारखं आहे, आणि सभा अजून संपलेली नाही. पण सरपंचांची चूक सरपंचांनाच गावासमोर कशी सांगायची, त्याचे शब्द माझ्याकडे नव्हते.

ते आत्याबाईंकडे होते. त्या कधी येऊन दाराशी टेकल्या होत्या मला कळलंच नव्हतं.

"सरपंच," त्या म्हणाल्या, "तुमच्या घरी जात्यात नारळ फोडत्यात का हो?"

सरपंच वळले. "न्हाई, आत्या."

"मंग इथं कामून फोडला? दगड पानी प्याला की पीठ देत न्हाई, लापशी देतो. ते काय देवाला रागबिग न्हाई आला. वाळवा त्याला."

आता मात्र सगळी सभा हसली, बाया सगळ्यात जोरात. सरपंचही हसले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, पण हसले. "ताई," ते मला म्हणाले, "चक्की बंद पडली ती माझ्यानं. मुदत संपली असं मी म्हनत न्हाई. वाळंपर्यंत सभा उठवत न्हाई."

वरची तळी उचलायला पहारी आणि दोर लागले. बायांच्या हाताला ती पेलणारी नव्हती हे मी कबूल करते. पहिली पहार कोणी घातली असेल तर त्या गवंड्याने. घडीव दगड कसा धरायचा, कुठे टेकू द्यायचा हे त्याच्या हातातच आहे. "हळू, काठ फुटंल, काठ फुटंल," असं तो सरपंचांना दरडावत होता, आणि सरपंच शर्टाच्या बाह्या वर करून दोर ओढत होते. तळी फळ्यांवरून घरंगळत ओट्यावर आली आणि उन्हात आडवी पडली. आमच्या परभणीचं मे महिन्यातलं ऊन. एरवी आम्ही त्याला शिव्या देतो. त्या दिवशी त्याने आमचं काम केलं.

आम्ही बायांनी नारळाच्या काथ्याने दोन्ही तळ्यांच्या खाचा घासून काढल्या. चिकटलेली कणीक, हळद, कुंकू, सगळं. मग कोरडा कोंडा चोळला, झटकला, पुन्हा चोळला. खालची तळी आतच होती, तिला पितळी परातीतून निखाऱ्यांचा शेक दिला. तोवर ग्रामसभेने ओट्यावर, त्या दगडाच्या भोवती बसून, पाण्याच्या टाकीचा विषय घेतला, स्मशानभूमीच्या रस्त्याचा घेतला, शाळेच्या संडासाचा घेतला. एरवी माणसं सह्या करून पळतात. त्या दिवशी कोणी हललं नाही. मधून मधून कोणीतरी उठून तळीला हात लावून बघायचं आणि "अजून उलसक ओल हाय" म्हणून खाली बसायचं.

ऊन उतरायच्या आत तळी परत जागेवर बसली. आधी मी कोंडा सोडला. तो मळकट होऊन बाहेर आला. मग पोत्यातली ज्वारी थोडी थोडी. पहिलं पीठ करडं, ओलसर पडलं. ते बाजूच्या टोपलीत गेलं आणि तिथून जनावरांपुढे. गावाने एकत्र केलेलं पहिलं दळण गावच्या गाई-म्हशींनी खाल्लं, याच्यावर पुढे आठवडाभर विनोद झाले. त्यानंतर आवाज बदलला. घोगरेपणा गेला, एकसारखी घरघर सुरू झाली. पीठ पांढरं पडू लागलं.

मी ओंजळ भरून बाहेर आणली आणि सरपंचांच्या हातावर ठेवली.

"गार हाय," ते म्हणाले. त्यांनी पुढच्याच्या हातावर थोडं दिलं, त्याने त्याच्या पुढच्याच्या. पीठ ओट्यावरून असं हाताहाताने फिरलं. गवंड्याने चिमूट बोटांत चोळून पाहिली आणि उठताना मला म्हणाला, "ताई, तो उंबऱ्याचा चिरा सुटायलाय. उद्या येऊन बसवून देतो." ठराव तिथेच लिहिला गेला. कमान पुढे सिमेंटची झाली आणि ती काही वाईट दिसत नाही.

त्या दिवशी उरलेलं पीठ घरोघर पोचवेपर्यंत दिवस मावळला. आत्याबाईंना मी म्हणाले, तुमची ज्वारी आणा, आत्ताच दळून देते. त्यांनी मान हलवली. "दिवस बुडल्यावरचं लय दळलं," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी किल्ली घेऊन निघाले तेव्हा त्या माझ्याही आधी घरातून गेलेल्या होत्या. मी ओट्याजवळ पोचले तर डब्यांची रांग लागायला सुरुवात झाली होती. पहिला डबा सरपंचांच्या आईचा. आई स्वतः डब्याशेजारी बसून होती. आत्याबाई नुकत्याच आल्या होत्या, डोक्यावरचा डबा उतरवत होत्या.

सरपंचांची आई म्हणाली, "म्होरं ठिव की, माय. तुझं आधी होऊ दे. काल तुझ्यामुळंच चालली."

"कामून?" आत्याबाई म्हणाल्या. "तुमी आधी आलाव, तुमचं आधी. मी दुसरी आले, माझं दुसरं."

"अगं, ठिव म्हनते ना."

"न्हाई. नंबरानं."

त्यांनी आपला डबा ओट्यावर, सरपंचांच्या आईच्या डब्याला लागून ठेवला, झाकण नीट बसवलं आणि पदराने त्यावरची धूळ पुसली. मग शेजारी बसल्या. दोघी कोणाच्या तरी लग्नाबद्दल बोलायला लागल्या.

मी कुलूप काढलं. ओटा झाडला, पट्टा बघितला, फट तपासली. पहिलं दळण सरपंचांच्या घरचं झालं. दुसरा डबा मी उचलून नरसाळ्यात रिकामा केला. आत्याबाई दाराच्या चौकटीला हात लावून उभ्या होत्या. पीठ पडायला लागलं तेव्हा ऊन अजून ओट्यावर आलेलं नव्हतं.